गरम झाल्यावर बंद पडते

गाडी विकायचं ठरलं ते नवऱ्याच्या गुडघ्यांमुळे. दोन्ही गुडघे बदलून झाले आणि डॉक्टरांनी सांगितलं, निदान चार महिने पेडलवर पाय ठेवायचा नाही. घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी वॉकरचे दांडे धरून, सभेत ठराव मांडावा तशा आवाजात त्याने जाहीर केलं, "मग ठेवून तरी काय करायची? मला चालवायची नाही आणि हिला चालवता येत नाही. काढून टाकू."

ताई त्याची औषधं डबीच्या खणांत लावत होती. सकाळ, दुपार, रात्र. तिचा हात थांबला नाही. हिला चालवता येत नाही, हे ती इतक्या वर्षांत इतक्या वेळा ऐकून होती की आपली उंची किंवा चष्म्याचा नंबर कोणी सांगावा तसं ते तिला वाटायचं.

तिला ताई म्हणत ते लॅबमधले लोक. रक्त-लघवी तपासायच्या एका प्रयोगशाळेत तिने सव्वीस वर्षं काढली. तिथलं नाव हळूहळू घरीदारी पसरलं आणि शेजारणीही तेच म्हणू लागल्या. हात स्थिर, नजर बारीक. तिने रक्त काढताना सुई टोचलेली लोकांना कळायचीही नाही. अशी बाई गाडीला मात्र घाबरते, याचं सगळ्यांना नवल वाटायचं, आणि त्या नवलाला नवऱ्याकडे एक तयार गोष्ट होती.

गोष्ट अशी. ताईने चौतिसाव्या वर्षी लायसन्स काढलं. ही गाडी तेव्हा घेतलेली, कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं त्या सुरुवातीच्या काळातली, दुसऱ्या हाताची पण ठणठणीत. बरीच वर्षं ताईने ती मजेत चालवली. लॅबमध्ये जायची, नदीपलीकडे आईकडे जायची, येताना भाजी घेऊन यायची. मग गाडी चौकाचौकात बंद पडायला लागली. सिग्नल लागला, क्लच दाबला, ब्रेक मारला, की इंजिन मान टाकायचं. ती घरी येऊन सांगायची. नवरा लगेच किल्ली घेऊन खाली जायचा, एक चक्कर मारून यायचा आणि किल्ली टेबलावर ठेवून म्हणायचा, "माझ्या हातात एकदाही बंद पडली नाही. क्लच नीट सोडत जा."

ती क्लच नीट सोडू लागली. मग फारच नीट सोडू लागली. मग सिग्नल दिसला की तिच्या तळहातांना घाम सुटू लागला. आणि एका दुपारी, आई शेजारी बसलेली असताना, पुलाच्या चढावर गाडी बंद पडली ती सुरूच होईना. मागे बस. बसच्या मागे आणखी बस. शेवटी बसमधले चौघे उतरले आणि त्यांनी गाडी ढकलून कडेला लावली. "आमच्या हिने एकदा आख्खी बस रिकामी केली!" अशी नवऱ्याची सुरुवात असायची. बारशाला, साखरपुड्याला, लेकीच्या सासरी पहिल्या भेटीत, सगळीकडे ती गोष्ट झाली. तो सांगायचा छान. ड्रायव्हरचा आवाज काढायचा, हॉर्न वाजवायचा, सासूबाई पदराने वारा कशा घेत होत्या तेही करून दाखवायचा. लोक हसून हसून डोळे पुसायचे. ताईही हसायची.

त्या दुपारनंतर तिने किल्ली मागितली नाही. ते झालं अकरा वर्षांपूर्वी.

गाडी बघायला एक गिऱ्हाईक आलं. शाळेतले मास्तर होते, पहिल्यांदाच गाडी घेणारे. त्यांनी गाडी सुरू केली, दहा मिनिटं तशीच ठेवली, तर ती एकदा थरथरली आणि गप झाली. मास्तर नम्रपणे म्हणाले, "एकदा कोणाला तरी दाखवून घ्या, मग बोलू." नवऱ्याने शेजाऱ्यांच्या ड्रायव्हरला सांगून ठेवलं, की तो शनिवारी गाडी गॅरेजमध्ये नेईल. शनिवारी ड्रायव्हर आला नाही. नवऱ्याला फिजिओथेरपीवाला घरी येऊन व्यायाम देत होता, दारामागून त्याचं कण्हणं ऐकू येत होतं. ताईने किल्ली उचलली आणि ती खाली गेली. का गेली, हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. बहुतेक ड्रायव्हरची वाट बघायचा कंटाळा आला असावा.

पहिले दोन सिग्नल गाडीने काही कुरकुर केली नाही. ताईचा श्वास मोकळा झाला. तिसऱ्याला बंद पडली. चौथ्याला बंद पडली. गॅरेजच्या अलीकडच्या वळणावर बंद पडली तेव्हा मागचा स्कूटरवाला शेजारून जाताना थांबून म्हणाला, "मावशी, शिकून घ्या आधी." तिचे कान तापले. अकरा वर्षांपूर्वीची बाई जशीच्या तशी आत बसून होती, घामासकट.

गॅरेज म्हणजे पत्र्याची लांबट शेड, आत दोन गाड्या मावतील एवढीच. मालकाला सगळे फौजी म्हणत. सैन्यात गाड्या दुरुस्त करून निवृत्त झालेला, पोट सुटलेला, पण मिशी अजून परेडला उभी. तो इंजिनाचं ऐकून घ्यायचा, माणसाचं कमी. ताईने सांगायला सुरुवात केली, "मला नीट चालवता येत नाही, त्यामुळे..."

"तुमचं राहू द्या," फौजी म्हणाला. "गाडी काय करते ते सांगा. थंड असताना बंद पडते की गरम झाल्यावर?"

ताईने विचार केला. हा प्रश्न तिला कधी कोणी विचारलाच नव्हता. "गरम झाल्यावर," ती म्हणाली. "पहिली दहा मिनिटं ठीक असते."

"चालता चालता, की थांबताना?"

"थांबताना. क्लच दाबला की."

"सुरू करा. ॲक्सिलरेटरला पाय लावू नका."

तिने गाडी सुरू केली. फौजीने बॉनेट उघडलं. इंजिन गरमच होतं. ते धापा टाकत होतं, डॅशबोर्डवरचा फेऱ्यांचा काटा खाली जायचा, लटपटायचा, परत वर यायचा. फौजीने हेडलाइट लावायला सांगितले. काटा आणखी खाली गेला. एसी लावायला सांगितला. इंजिनाने एक आचका दिला आणि गाडी बंद.

"बघितलंत?" फौजी म्हणाला. "तुम्ही काय केलंत आत्ता?"

"काहीच नाही."

"तेच तर."

त्याने आधी रबरी पाइप तपासले. इंजिन पुन्हा सुरू करून तो एका डब्यातून फवारा मारत एकेका जोडावर गेला. कुठे चीर असेल तर इंजिन तो फवारा ओढून घेतं आणि आवाज बदलतो, हे त्याने न विचारता सांगितलं. आवाज बदलला नाही. मग त्याने तिला जवळ बोलावलं आणि थ्रॉटलच्या अंगाला बसवलेला अंगठ्याएवढा भाग दाखवला. "पाय उचलला की हवेचं मोठं दार बंद होतं. मग इंजिनाने श्वास कुठून घ्यायचा? तर ह्याच्यातून. हा आयडलचा व्हॉल्व्ह. गाडी थांबली, एसी लागला, दिवे लागले, की हा थोडा उघडतो, थोडी जादा हवा देतो, इंजिन तग धरतं. आता ह्याची वायर काढतो. चांगला असला तर इंजिनात फरक पडेल."

त्याने वायर काढली. इंजिन होतं तसंच रडत राहिलं.

"मेलाय," फौजी म्हणाला.

दोन स्क्रू काढून व्हॉल्व्ह बाहेर आला. त्याचं टोक काजळीने इतकं लडबडलं होतं की धातू दिसतच नव्हता. ताईने न विचारता तो हातात घेतला आणि लॅबमधली काचपट्टी धरावी तसा उजेडात धरला. फौजीने तो फवाऱ्याने धुतला, पुसला, थ्रॉटलच्या कडाही कापडाने साफ केल्या. मग मल्टिमीटरच्या दोन काड्या व्हॉल्व्हच्या पिनांना लावल्या आणि मान हलवली. "नुसती घाण असती तर भागलं असतं. आतली कॉइलच तुटलीय. धुऊन हलणार नाही. नवा लागेल." बोलता बोलता त्याने सहज विचारलं, "गाडी एरवी कोण चालवतं?"

"आमचे हे."

"मग त्यांचा उजवा पाय दोन पेडलवर असणार. पुढचा भाग ब्रेकवर, टाच ॲक्सिलरेटरवर. थांबताना थोडी रेस देत राहायची. तसं केल्याशिवाय ही गाडी गरम झाल्यावर सिग्नलला उभी राहूच शकत नाही. कोणाच्याही हातात."

ताईच्या डोळ्यांसमोर तो पाय आला. शेजारी बसून तिने तो शेकडो वेळा पाहिला होता. सिग्नल आला की बूट आडवा व्हायचा, टाच किंचित उजवीकडे सरकायची. तिला वाटायचं, चांगला ड्रायव्हर असाच चालवतो.

"त्यांना माहीत नसेल," ती म्हणाली. "सवयीने होत असेल."

फौजीने दोन दुकानांत फोन लावले. ह्या मॉडेलचा व्हॉल्व्ह आता येत नाही, भंगारवाल्यांकडे फिरावं लागेल, आठवडा धरून चाला, असं कळलं. "डिकीत बघा एकदा," तो म्हणाला. "जुन्या गाड्यांत मालक कायकाय कोंबून ठेवतात. कधी कधी नशीब निघतं."

ताईने डिकी उघडली. छत्री, पाण्याचा कॅन, लेकीच्या कॉलेजातली एक फाटकी बॅग. स्टेपनीवरचा गालिचा उचलला. स्टेपनीच्या पोकळीत, जॅकच्या मागे, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक पुठ्ठ्याचं खोकं होतं. पिवळं पडलेलं, पण सील न फोडलेलं. खोक्यावर कोणा मेकॅनिकच्या ठसठशीत अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं: गरम झाल्यावर बंद पडते. हा बदलणे. सोबत घडी घातलेलं बिल. बिलावर गाडीचा नंबर, नवऱ्याचं नाव, खाली त्याची सही. तारीख अकरा वर्षांपूर्वीची. पुलावर बस रिकामी झाली, त्याच्या पुढच्या महिन्यातली.

फौजी मागे येऊन उभा राहिला. त्याने खोकं वाचलं, उलटं केलं, सील बघितलं.

"हाच की हो," तो म्हणाला. "कोणी आणून ठेवला?"

"घरातच होता," ताई म्हणाली.

नवा व्हॉल्व्ह बसवायला पंधरा मिनिटंही लागली नाहीत. हे तिच्या मनात राहिलं. पंधरा मिनिटं, त्यात चहाही आला. मग फौजीने बॅटरीची तार काढून थोडा वेळ ठेवली, परत लावली आणि सांगितलं, "आता सुरू करा आणि पाय लांब ठेवा. पंखा दोनदा फिरून थांबेपर्यंत तिला तिचं शिकू द्या." इंजिन सुरू झालं. आधी जरा चढलं, मग उतरलं, मग एका जागी बसलं. एसी लावला. काटा चिमूटभर खाली गेला आणि आपला आपण जागेवर आला. मग ताईने स्वतःच दिवे लावून पाहिले. फौजीला वाटलं असावं की ती खूश होईल. तो तिच्या चेहऱ्याकडे बघून हात पुसायला निघून गेला.

परत येताना नऊ सिग्नल लागले. गाडी एकदाही बंद पडली नाही.

नवरा हॉलमध्ये खुर्चीत बसला होता, पाय स्टुलावर, गुडघ्यांवर बर्फाच्या पिशव्या. तिच्या हातात किल्ली बघून त्याच्या चेहऱ्यावर ती जुनी मिश्कील हालचाल आली. "अगं, तू नेलीस? किती बसा रिकाम्या केल्यास?"

ताईने खोकं त्याच्या शेजारच्या स्टुलावर ठेवलं. रिकामं, बिल आत. त्याने ते पाहिलं. ओळखायला त्याला क्षणही लागला नाही, आणि तेच तिला बघायचं होतं.

"ते होय," तो म्हणाला. "मी विसरूनच गेलो होतो बघ."

"केव्हा विसरलात?"

"म्हणजे?"

"आणलात तेव्हा विसरलात की मी किल्ली मागायची थांबले तेव्हा?"

त्याने बर्फाची पिशवी सरकवली. "आता ह्या अवस्थेत तू माझी उलटतपासणी घेणार का?"

"तुम्हाला उठायचं नाहीये. नुसतं सांगायचंय."

तो वाईट माणूस नव्हता, निदान कोणी तसं म्हणालं नसतं. त्याने कधी आवाज चढवला नाही, घरात काही कमी पडू दिलं नाही. शेवटी तो म्हणाला, "आधी खरंच राहून गेलं. रविवारी बसवू म्हटलं, तो रविवार गेला. मग तू मागेनाशी झालीस. मला वाटलं, बरं झालं. तू वेळेवर घरी यायला लागलीस. आधी आईकडे गेलीस की अंधार पडेपर्यंत पत्ता नसायचा. आणि यायचीस ती गाणं गुणगुणत. मी इथे जेवायचा थांबलेला."

"म्हणून?"

"म्हणून वगैरे काही नाही. घर सुरळीत चाललं होतं. आणि तुला कुठे नेलं नाही मी? म्हणशील तिथे नेलं."

"आईकडे किती वेळा नेलंत?"

"आता ते मोजत कोण बसलंय?"

ताई बसली होती मोजत. आईची शेवटची तीन वर्षं. दोन बस बदलून नदीपलीकडे जायचं, लॅब सुटल्यावर ते जमायचं नाही, म्हणून ती नवऱ्याच्या सुट्टीवर असायची. आई फोनवर विचारायची, "येतेस का गं?" आणि ती म्हणायची, "ह्यांना विचारून सांगते." शेवटच्या वर्षात ती सात वेळा गेली. त्यातल्या दोनदा नवऱ्याने खालून हॉर्न वाजवून तिला तासाभरात बोलावून घेतलं होतं. नदीपलीकडे लॅबची नवी शाखा निघाली तेव्हा तिथलं प्रमुखपद तिला देऊ केलं होतं. रोज जाणार कशी, असा नवऱ्याने साधाच प्रश्न विचारला आणि तिने तो स्वतःलाही विचारला. ते पद तिच्या हाताखाली शिकलेल्या मुलीला मिळालं.

"आणि ती बसची गोष्ट?" तिने विचारलं. "ती सांगताना तुम्हाला माहीत होतं."

"अगं, ते गमतीने."

"तुम्हाला माहीत होतं की माझं काही चुकलं नव्हतं."

"लोक हसायचे. तूही हसायचीस की."

"हो," ताई म्हणाली. "मीही हसायचे."

त्याने हात पुढे केला, बहुधा तिचा हात धरायला. मध्ये वॉकर होता. तिने वितळलेल्या पिशव्या उचलल्या आणि दुसऱ्या आणायला आत गेली.

रात्री लेकीचा फोन आला, बाबांची चौकशी करायला. ताईने तिला सगळं सांगितलं. नीट, क्रमाने, तारखेसकट. लेक ऐकून घेऊन म्हणाली, "आई, त्यांनी विसराळूपणा केला हे खरं. पण एवढ्याशा पार्टवरून आता काय? आत्ताच ऑपरेशन झालंय त्यांचं." पलीकडे जावई काहीतरी विचारत होता. लेक त्याला म्हणाली, "काही नाही रे, गाडीचं." ताईने फोन ठेवला. तिला कळलं की हे ती जगात कोणालाही सांगू शकणार नाही. सांगायला गेलं तर ते अंगठ्याएवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. ती किल्ली घेऊन खाली गेली, गाडी काढली आणि पुलावर घातली. चढावर सिग्नल लागला, मागे बस येऊन उभी राहिली. इंजिन शांत फिरत होतं. हिरवा झाला, ती निघाली. आईच्या गल्लीत पोचली तेव्हा तिने घड्याळ पाहिलं. बावीस मिनिटं. तिने पुन्हा पाहिलं. तिच्या मनात आईचं घर इतकी वर्षं अर्ध्या दिवसाच्या अंतरावर होतं.

खिडकीत दुसऱ्याच कोणाचे टॉवेल वाळत होते. आईने लावलेलं जाळीचं दार काढून तिथे लाकडी बसवलं होतं. ताई गाडीतून उतरली नाही. उतरून कोणाकडे जायचं? तिने इंजिनही बंद केलं नाही. दहा-बारा मिनिटं ती नुसती बसून होती. मग एक माणूस काचेवर बोट वाजवून म्हणाला, "बाई, फाटकासमोरून काढता का जरा?" तिने काढली.

गाडी विकली नाही. मास्तरांना नवऱ्यानेच फोन करून सांगितलं, "आमचा विचार बदललाय." कोणाचा, ते मास्तरांनी विचारलं नाही. किल्ली ताईच्या पर्समध्ये असते. व्यायामासाठी आता नवऱ्याला केंद्रावर जावं लागतं, आठवड्यातून तीनदा. ती नेते. त्याला धरून बसवते, वॉकर मागे ठेवते, पट्टा लावून देते. एका शब्दाने टोमणा मारत नाही, आणि त्याला तेच जड जातं. सुरुवातीला तो सूचना करायचा, गिअर टाक, डावीकडे घे. मग आपोआप थांबला. सिग्नलला त्याचा उजवा पाय अजून मधूनच आडवा होतो, टाच रिकाम्या गालिच्यावर दाबली जाते. ताई ते बघते आणि समोर बघते.

मागच्या आठवड्यात तो म्हणाला, "छान चालवतेस गं तू."

सिग्नल सुटायला अजून चाळीस सेकंद होते. ती आकडे उतरताना बघत होती. इंजिन चालू आहे की नाही हे कळणारही नाही, इतक्या हळू चाललं होतं.